योइची समजून घ्यायची तर आधी तिची भट्टी समजून घ्या

भाकरी खरपूस होणं आणि करपणं यांच्यात जेमतेम अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं. तेवढ्या वेळात आच, तवा आणि हात यांचा जो मेळ बसतो, तोच मेळ जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदो बेटावरच्या योइची गावात गेली अनेक दशकं साधला जातोय. फरक इतकाच, की तिथं तव्याच्या जागी तांब्याचं भलंमोठं भांडं आहे आणि चुलीत दगडी कोळसा.

जपानी व्हिस्कीचं नाव आता आपल्याकडेही सगळ्यांच्या कानावर आहे. विमानतळावरच्या दुकानात तिच्या बाटल्या दिसतात, किमती पाहून हात मागे येतो आणि नेमकं काय घ्यावं ते कळत नाही. हा लेख अशा वाचकासाठी आहे. त्यात मी एकच कारखाना घेतलाय, योइचीचा, कारण दहा नावं वरवर पाहण्यापेक्षा एक नाव तळापासून समजलं, की बाकीच्यांकडे कसं बघायचं ते आपोआप कळतं. तुम्ही मद्य घेत नसाल तर या लेखासाठी सुरू करू नका. इतिहास आणि कारागिरीचा भाग तुमच्यासाठीही आहेच.

पहिली पायरी: माणूस आणि गाव

बाटली उघडण्याआधी मासाताका ताकेत्सुरु हे नाव लक्षात ठेवा. जन्म १८९४, हिरोशिमा प्रांतातलं ताकेहारा गाव, घरचा धंदा साके, म्हणजे तांदूळ आंबवून केलेलं जपानी मद्य, बनवण्याचा. ओसाकात मद्यनिर्मितीचं शिक्षण घेऊन ते सेत्सु शुझो या कंपनीत लागले. त्या काळी जपानमध्ये ‘व्हिस्की’ म्हणून जे विकलं जाई, ते बहुतेक साध्या मद्यार्कात रंग आणि वास मिसळून केलेलं असे. खरी व्हिस्की कशी बनते ते शिकायला कंपनीनं १९१८ मध्ये या तरुणाला स्कॉटलंडला धाडलं.

ग्लासगोत त्यांनी रसायनशास्त्राचे वर्ग केले, पण खरं शिक्षण झालं ते कारखान्यांत. १९१९ मध्ये एल्गिनजवळच्या लाँगमोर्नमध्ये माल्ट व्हिस्की (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू), नंतर बोनेसमध्ये धान्याची व्हिस्की, आणि १९२० मध्ये कॅम्पबेलटाउनच्या हेझलबर्नमध्ये काही महिने. हेझलबर्नमध्ये असताना त्यांनी दिसेल ते वहीत टिपून ठेवलं: भांड्यांचे आकार, नळ्यांची वळणं, मजुरांच्या पाळ्या, हिशेब. जपानमधल्या व्हिस्कीची मुळं या वह्यांमध्ये आहेत. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी कर्किन्टिलॉखच्या जेसी रोबर्टा काउन, म्हणजे रीटा, हिच्याशी लग्न केलं. दोन्ही घरांचा विरोध होता. वर्षाखेरीला दोघं जपानला परतली.

परतल्यावर पाहतात तर पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत सेत्सु शुझोची हिंमत संपली होती. व्हिस्कीचा बेत बारगळला आणि ताकेत्सुरुंनी नोकरी सोडली. १९२३ मध्ये कोतोबुकियाचे शिंजिरो तोरिई यांनी त्यांना दहा वर्षांच्या करारावर घेतलं. ही कंपनी म्हणजे आजची सनटोरी. क्योतोजवळ यामाझाकीचा कारखाना त्यांच्याच देखरेखीखाली उभा राहिला. दोघांचा मतभेद पहिल्यापासून होता. तोरिईंना कारखाना गिऱ्हाइकाच्या जवळ हवा होता, ताकेत्सुरुंना होक्काइदोची थंडी हवी होती. १९२९ मध्ये ‘शिरोफुदा’ ही तिथली पहिली व्हिस्की बाजारात आली, पण धुरकट चव जपानी जिभेला मानवली नाही आणि ती आपटली. माझ्या मते दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. तोरिई विकणारा माणूस होता, ताकेत्सुरु बनवणारा. एका छपराखाली हे फार काळ चालणं अवघडच होतं.

१९३४ मध्ये करार संपल्यावर ताकेत्सुरु उत्तरेला गेले आणि योइचीत जागा घेतली. एका अंगाला जपानचा समुद्र, उरलेल्या बाजूंना डोंगर, मधून वाहणारी नदी. हवा थंड आणि दमट. पीट, म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचून अर्धवट कोळसा झालेला गवत-शेवाळाचा थर, होक्काइदोतच मिळायचा, आणि दगडी कोळशाच्या खाणीही बेटावरच होत्या. स्कॉटलंडमध्ये पाहिलेलं जवळपास सगळं इथं होतं. शिवाय गाव सफरचंदांचं.

या सफरचंदांनीच कारखाना तगवला. व्हिस्की आज गाळली तरी लाकडी पिंपात मुरून विकायला वर्षं लागतात, तोवर पगार कुठून द्यायचे? म्हणून कंपनीचं नाव पडलं ‘दाई निप्पोन काजु’, म्हणजे ‘महान जपान फळरस कंपनी’, आणि धंदा सुरू झाला सफरचंदाच्या रसाचा. व्हिस्की गाळायचं भांडं १९३६ मध्ये बसलं. व्हिस्की दोनदा गाळतात, पण पैशांची ओढाताण एवढी होती, की सुरुवातीला दोन्ही वेळचं गाळप एकाच भांड्यात उरकावं लागे. पहिली व्हिस्की बाजारात आली १९४० मध्ये. ‘निप्पोन’ मधला ‘नि’ आणि ‘काजु’ मधला ‘का’ जोडून तिचं नाव ठेवलं ‘निक्का’. एका फळरसाच्या कंपनीचं हे लघुरूप आज जगभरच्या दुकानांत दिसतं.

लगेच युद्ध आलं. व्हिस्की नौदलाला लागत असल्यानं कारखाना चालू राहिला, पण रीटा शत्रुराष्ट्रातली ठरली. जपानी नागरिकत्व असूनही पोलिसांची तिच्यावर नजर असे. युद्धानंतर बाजारात स्वस्त ‘तिसऱ्या दर्जाच्या’ व्हिस्कीचा पूर आला, ज्यात माल्ट नावापुरताच असे. ताकेत्सुरुंना ती बनवणं पसंत नव्हतं. शेवटी कंपनी वाचवण्यासाठी बनवावी लागली, तेव्हा कायद्यानं मुभा होती तेवढा जास्तीत जास्त माल्ट त्यांनी तिच्यात घातला. मला या माणसाबद्दल जो आदर वाटतो, तो या एका गोष्टीमुळे. मनाजोगं काम करायला मिळत असताना सचोटी राखणं सोपं असतं. त्यांनी ती नावडतं काम करतानाही राखली.

१९५२ मध्ये कंपनीचं नाव निक्का व्हिस्की झालं. १९६१ च्या जानेवारीत रीटा गेली, पुढच्या वर्षी ‘सुपर निक्का’ आली. १९६९ मध्ये सेंदाईजवळ मियागिक्यो हा दुसरा कारखाना उभा राहिला. १९७९ मध्ये ताकेत्सुरुही गेले. २००१ मध्ये निक्का पूर्णपणे असाही या जपानी बिअर कंपनीच्या मालकीची झाली, आणि त्याच वर्षी योइचीची दहा वर्षांची एका पिंपातली व्हिस्की एका ब्रिटिश व्हिस्की-मासिकाच्या आंतरराष्ट्रीय चाखणीत पहिली आली. २००८ मध्ये १९८७ साली गाळलेली योइची जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यातली माल्ट व्हिस्की, ठरली.

दुसरी पायरी: भट्टीत काय होतं

हा भाग वगळू नका, कारण पुढे पेल्यात जे शोधायचं ते सगळं इथं तयार होतं.

सातूला मोड आणायचे आणि ठरावीक क्षणी ते वाळवून थांबवायचे. मोड आलेला, वाळवलेला सातू म्हणजे माल्ट. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवून, मोड आणून वाळवतो, तीच ही क्रिया. मोड आल्यामुळे दाण्यातल्या पिष्टाची साखर व्हायला सुरुवात होते. वाळवताना खाली पीट जाळला, तर त्याचा धूर दाण्यात मुरतो. योइचीत पूर्वी हे काम लाल टोकदार छपराच्या भाजणघरात होई. आता माल्ट बाहेरून तयार येतो, छपरं मात्र आजही गावाची खूण आहेत. पुढे माल्ट दळून गरम पाण्यात घोळवायचा, गोड पाणी काढायचं, यीस्ट घालून आंबवायचं. त्यातून बिअरसारखं सौम्य मद्य तयार होतं, त्याला ‘वॉश’ म्हणतात. हे वॉश तांब्याच्या भांड्यांत दोनदा गाळलं जातं.

इथून योइची वेगळी वाट धरते. जगात बहुतेक ठिकाणी ही भांडी आत फिरणाऱ्या वाफेच्या नळ्यांनी तापवतात, कारण वाफेवर ताबा सोपा असतो. योइचीत भांड्याच्या बुडाखाली दगडी कोळसा पेटतो. दर काही मिनिटांनी कामगार भट्टीचं दार उघडून फावड्यानं कोळसा टाकतो. जास्त पडला तर वॉश उसळून नळीत चढेल, कमी पडला तर धार थांबेल. गॅससारखं बटण फिरवून ही आच कमी करता येत नाही. जाळाचा रंग आणि धारेचा वेग बघत राहावं लागतं, आणि हे काम शिकायला वर्षं जातात.

एवढा खटाटोप कशासाठी? वॉशमध्ये यीस्टचे आणि धान्याचे बारीक कण असतात. तापलेल्या बुडाला लागून ते भाजले जातात. बुडाला लागलेलं दूध आपण टाकून देतो, पण ते लागण्याच्या क्षणभर आधी खवा होताना जो भाजका गोडवा येतो, तो आपल्याला हवा असतो. तसाच भाजका, भरदार, किंचित तेलकट गुण कोळशाच्या आचेनं मद्यात उतरतो. खरपूस हाच त्याला नेमका शब्द.

आता एक गैरसमज दूर करतो, कारण तो जाणकारांच्या तोंडूनही ऐकलाय. योइचीची धुरकट चव कोळशाच्या धुरामुळे नाही. कोळसा भांड्याबाहेर जळतो, त्याचा धूर धुराड्यातून निघून जातो, मद्याला लागतच नाही. धूर येतो पीटवर वाळवलेल्या माल्टमधून. कोळसा देतो तो खरपूसपणा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या पेल्यात वेगवेगळ्या ओळखता आल्या की अर्धी योइची तुम्हाला समजली. निक्कानं २०२१ मध्ये पीट न वापरलेली योइची मर्यादित प्रमाणात काढली होती. तिच्यात पीटचा धूर नव्हता, पण अंगाचा भरदारपणा होता.

भांड्यांचा आकारही बघा. योइचीच्या भांड्यांची मान सरळ आहे आणि वरची नळी खाली झुकलेली. त्यामुळे जड वाफाही सहज पलीकडे जातात आणि मद्य दणकट होतं. मियागिक्योची भांडी गळ्याशी फुगीर, नळ्या वर चढत्या आणि आच वाफेची. तिथं जड वाफ मागे पडते, हलकी तेवढी पुढे जाते, म्हणून तिथलं मद्य फळांसारखं आणि नाजूक. ताकेत्सुरुंना दोन कारखाने हवे होते ते यासाठीच. एकाच सुरात मिश्रण जमत नाही.

भांड्यांच्या गळ्यात भाताच्या पेंढ्याचा दोर आणि पांढऱ्या कागदाच्या घड्या बांधलेल्या दिसतील. तो शिंतो पंथातला पवित्र दोर, ‘शिमेनावा’. साके बनवणाऱ्या घरांतली ही रीत ताकेत्सुरुंनी व्हिस्कीच्या भांड्यांपर्यंत आणली. दसऱ्याला यंत्रांना झेंडूची माळ घालणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

पिंपांबद्दल थोडक्यात: ओकच्या लाकडाची, काही नवी आतून जाळलेली, काही आधी शेरी ही स्पॅनिश वाइन ठेवलेली, काही बर्बन ही अमेरिकन व्हिस्की ठेवलेली. कोठारं दगडी भिंतींची, जमीन मातीची, समुद्र जवळ. स्कॉटलंडमधल्या कंपन्या मिश्रणासाठी एकमेकींशी मद्याची अदलाबदल करतात, जपानी कंपन्यांत ती प्रथा नव्हती. म्हणून योइचीत एकाच छपराखाली कमी-जास्त पीटचा माल्ट, निरनिराळी यीस्ट आणि निरनिराळी पिंपं वापरून पुष्कळ प्रकारचं मद्य तयार ठेवतात.

तिसरी पायरी: लेबल वाचा

‘निक्का’ लिहिलं म्हणजे योइची, असं नाही. पाच नावं ओळखता आली की फसगत होत नाही.

‘सिंगल माल्ट योइची’ म्हणजे फक्त या एका कारखान्यातला माल्ट. मद्यार्क ४५ टक्के. वयाचा, म्हणजे पिंपात मुरलेल्या वर्षांचा, आकडा नाही. २०१५ पर्यंत दहा, बारा, पंधरा, वीस वर्षांच्या योइची मिळत. मागणी वाढली, जुना साठा आटला आणि त्या वर्षी वय लिहिलेल्या बाटल्या बंद झाल्या. दूरचित्रवाणीवर ताकेत्सुरु-रीटाच्या आयुष्यावर बेतलेली मालिका जपानभर गाजली ती नेमकी त्याच सुमारास, त्यानंही मागणीत भर घातली. दहा वर्षांची योइची २०२२ मध्ये परत आली, पण मोजकीच.

‘ताकेत्सुरु प्युअर माल्ट’ म्हणजे योइची आणि मियागिक्यो यांच्या माल्टचा मेळ. ‘सुपर निक्का’ आणि ‘ब्लॅक निक्का’ हे माल्ट आणि धान्याच्या व्हिस्कीचे मिलाफ, रोजच्या वापरातले. ‘फ्रॉम द बॅरल’ ही १९८५ पासूनची छोटी चौकोनी बाटली, ५०० मिलीची, ५१.४ टक्क्यांची. हा आकडा विचित्र वाटतो, पण जुन्या ब्रिटिश मोजमापातलं ९० प्रूफ म्हणजे बरोबर तेवढंच. मिश्रण केल्यावर तिला पुन्हा काही महिने पिंपात ठेवतात, म्हणजे सगळं एकजीव होतं.

‘जपानी व्हिस्की’ या शब्दांची व्याख्या बरीच वर्षं ढिली होती. परदेशातून आणलेलं मद्य मिसळूनही बाटलीवर जपानी नाव चालत असे. २०२१ मध्ये तिथल्या उत्पादकांच्या संघटनेनं नियम केले आणि मार्च २०२४ अखेरपर्यंत मुदत दिली. माल्ट वापरलेला हवा, पाणी जपानचं, आंबवणं आणि गाळणं जपानात, ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या लाकडी पिंपात किमान तीन वर्षं जपानात मुरवणं, बाटलीत भरणंही तिथंच आणि मद्यार्क किमान ४० टक्के. हा सरकारी कायदा नाही, संघटनेच्या सभासदांनी स्वतःला घालून घेतलेली शिस्त आहे. योइची, मियागिक्यो आणि ताकेत्सुरु या नियमांत बसतात. फ्रॉम द बॅरल बसत नाही, आणि निक्का ते स्वतःच जाहीर सांगते. म्हणून ती वाईट ठरत नाही, मला ती फार आवडते. फक्त काय घेतोय ते ठाऊक असावं.

चौथी पायरी: कोणत्या क्रमानं घ्यावी

थेट महागड्या जुन्या बाटलीकडे जाऊ नका. वय लिहिलेली जुनी योइची आज लिलावात चढ्या भावानं जाते, त्या बाजारात बनावट मालही फिरतो, आणि चव ओळखायची सवय नसताना ती उघडली तर पैशाबरोबर संधीही वाया जाते.

आधी फ्रॉम द बॅरल किंवा ताकेत्सुरु घ्या, कारण त्यात योइचीचा धूर मिश्रणात लपलेला असतो आणि तो हुडकण्यात मजा आहे. मग सिंगल माल्ट योइची. शेवटी तिच्याशेजारी मियागिक्यो ठेवा. पूर्ण बाटल्या घेण्यापेक्षा तिघाचौघांनी मिळून घ्याव्यात किंवा चांगल्या बारमध्ये एकेक छोटा पेग मागवावा. माणशी ३० मिली पुरे. ४५ टक्क्यांच्या ३० मिलीमध्ये साधारण साडेदहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि एका बैठकीत असे दोनच पेग, हा माझा नेम. तिसऱ्या पेगाला जीभ काही शिकत नाही.

पाचवी पायरी: चाखायची कशी

आपल्याकडे पेग भरला की सोडा, बर्फ आणि मसाल्याचा चकणा हे ठरलेलं. एका संध्याकाळपुरतं ते बाजूला ठेवा. तिखट शेव किंवा चिली चिकन जिभेवर असेल तर योइचीच काय, कुठलीच व्हिस्की कळणार नाही. साधे खारे शेंगदाणे चालतील, तेही चाखून झाल्यावर. खोलीत उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको.

पेला तोंडाशी निमुळता हवा. नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालतो. ३० मिली ओता आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. मग नाक पेल्यात न खुपसता कडेशी न्या, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. पहिल्यांदा फक्त मद्यार्काचा झणका लागेल. थांबा, दुसऱ्यांदा घ्या.

परदेशी वर्णनांत सफरचंद, पेअर, व्हॅनिला, समुद्राचं खारं वारं हे शब्द येतात आणि ते खरे आहेत. पण वास ओळखायला आठवण लागते आणि आपली आठवण वेगळी. योइची पहिल्यांदा नाकाशी नेली तेव्हा मला पन्ह्यासाठी निखाऱ्यात भाजलेली कैरी आठवली: सालीचा काळपट धूर, आतला आंबटगोड गर आणि वर मिठाची चिमूट. फळ, धूर आणि मीठ, योइचीचे तिन्ही स्वर त्यात आले. तुम्हाला काही वेगळं आठवेल, तेच लिहून ठेवा. दुसऱ्याचे शब्द उसने घेतले की नाक आळशी होतं.

आता छोटा घोट, आणि लगेच न गिळता जिभेवर फिरवा. इथं दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. जो धूर मातकट, थोडा औषधी लागतो आणि नाकाकडे चढतो, तो पीटचा. जो गुण भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा, जिभेच्या मध्यावर बसतो आणि तोंड भरून टाकतो, तो कोळशाच्या आचेचा. पहिल्या बैठकीत हे कळेलच असं नाही. मला तिसऱ्या खेपेला कळलं, तेही शेजारी मियागिक्यो असल्यामुळे. तिच्यात फळ आणि फुलं भरपूर, पण तो खरपूस तळ नाही. नसलेली गोष्ट शेजारी ठेवली की असलेली ठळक होते.

मग पाणी. साधं, खोलीच्या तापमानाचं, कमी क्षारांचं. आधी चमचाभर घाला, वास बदलतो ते पाहा. हळूहळू वाढवत १५ मिलीपर्यंत गेलात, तर ४५ टक्क्यांची व्हिस्की बरोबर ३० टक्क्यांवर येते. इथं योइची फळांकडे झुकते, धूर मागे सरतो. जपानमध्ये जेवणाबरोबर याहूनही पातळ करून घेतात, त्याला ‘मिझुवारी’ म्हणतात. सोड्याबरोबर घ्यायची असेल तर एकास तीन किंवा चार, ग्लास बर्फानं गच्च भरलेला, सोडा अगदी थंड, आणि ओतल्यावर चमचा एकदाच हलवायचा. पण योइची सोड्यात घालण्याआधी एकदा तरी नुसती घ्या.

शेवटी एक प्रयोग, जो मी प्रत्येक पाहुण्याला करायला लावतो. एका पेल्यात १० मिली योइची आणि २० मिली मियागिक्यो मिसळा, दुसऱ्यात प्रमाण उलटं. दहा मिनिटं थांबा आणि दोन्ही चाखा. ताकेत्सुरु प्युअर माल्टची बाटली असेल तर तीही शेजारी ओता. मिश्रण करणारे कारागीर दिवसभर काय करत असतील, याचा अंदाज या दोन पेल्यांतून येतो.

सहावी पायरी: प्रत्यक्ष जायचं असेल तर

साप्पोरोहून रेल्वेनं ओतारू, तिथं गाडी बदलून साधारण पंचवीस मिनिटांत योइची. या टप्प्यावर गाड्या मोजक्या आहेत, परतीची वेळ आधीच टिपून ठेवा. स्थानकातून बाहेर पडून सरळ चालत गेलात की दोन-तीन मिनिटांत दगडी कमान दिसते. मोटार भाड्यानं घेऊन जाऊ नका. चाखून गाडी चालवण्याबाबत जपानचे कायदे कडक आहेत, चालकासोबत बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते. तिथं पिण्याचं किमान वय २० आहे.

मार्गदर्शकासह फेरी मोफत असते, पण आधी संकेतस्थळावर नोंदणी लागते आणि निवेदन जपानीत चालतं. वर सांगितलेली भट्टीची माहिती मनात असेल तर भाषेची फारशी अडचण होत नाही. भट्टी रोज पेटलेली असेलच असं नाही, पण पेटलेली सापडली तर तिथून हलू नका. दार उघडताच तोंडावर येणारी झळ आणि फावड्याचा आवाज, हे कुठल्याच बाटलीत मिळत नाही. या परिसरातल्या जुन्या इमारतींना २०२२ मध्ये जपान सरकारनं महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. ताकेत्सुरु दांपत्याचं घरही आवारात हलवून जपलेलं आहे.

फेरीच्या शेवटी तीन छोटे पेले समोर येतात: सिंगल माल्ट योइची, सुपर निक्का आणि सफरचंदाची वाइन. बहुतेक जण शेवटचा पेला सोडून देतात. तसं करू नका. कंपनी फळरसावर जगली त्या वर्षांची ती आठवण आहे. वेळ असेल तर संग्रहालयातल्या बारमध्ये पैसे देऊन दुर्मिळ नमुने चाखता येतात, आणि महागडी जुनी योइची घोटभर चाखायची सगळ्यात शहाणी जागा तीच.

हिवाळ्यात गेलात तर गुडघाभर बर्फ असतो, घसरणार नाहीत असे बूट न्या. मला विचाराल तर हिवाळ्यातच जा. लाल छपरांवर बर्फ आणि धुराड्यातून वर जाणारा धूर दिसला, की ताकेत्सुरुंनी ही जागा का निवडली ते सांगावं लागत नाही.

सातवी पायरी: बाटली घरी आणताना आणि आणल्यावर

भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. योइचीची बाटली ७०० मिलीची, म्हणजे तीन बाटल्या २.१ लिटर होतात आणि १०० मिलीनं हिशेब चुकतो. दोन योइची आणि एक फ्रॉम द बॅरल घेतली तर १.९ लिटर, हे गणित बरोबर बसतं. वाटेत विमान बदलायचं असेल तर बाटल्या हातातल्या पिशवीत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत अडकतात. लोकरी कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवा. घरी ठेवणं आणि पिणं यालाही नियम आहेत: महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं आणि उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, गोव्यात वयाची अट २१ आहे.

बाटली उभी ठेवा, वाइनसारखी आडवी नको. तीव्र मद्यार्क बुचाला कुरतडतो. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात फ्रीजच्या वरची किंवा खिडकीजवळची जागा टाळा, अंधारं कपाट उत्तम. बंद बाटलीतली व्हिस्की आणखी मुरत नाही, ती पिंपातून निघाली तेव्हाच थांबली. उघडल्यावर मात्र हवेचा परिणाम सुरू होतो. बाटली एक तृतीयांशावर आली की उरलेली व्हिस्की स्वच्छ, कोरड्या, लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा आणि वर तारीख लिहा. माझ्या अनुभवात सगळ्यात आधी उडून जातो तो धूर, म्हणून भाजलेल्या कैरीचा तो वास अजून येतोय तोवर ती संपवा.